दुसऱ्याच्या फॅनफिकवर अभिप्राय देताना: नव्या बीटा-वाचकांसाठी

ओळखीतल्या कुणीतरी आपल्या फॅनफिकचा, म्हणजे आवडत्या मालिकेतली किंवा पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेल्या कथेचा, मसुदा पाठवलेला असतो. सोबत एकच ओळ: "वाच आणि अगदी खरं खरं सांग." नवख्याची गडबड होते ती इथेच. काही जण "भारी झालीये!" एवढं लिहून सुटका करून घेतात. ती पोच झाली, अभिप्राय नव्हे. काही जण उलट कंबर कसून कामाला लागतात. ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम, "हा प्रसंग मी असा लिहिला असता", "शेवट बदल" असं सगळं करून मसुदा परत जातो, तेव्हा त्यात लेखकापेक्षा वाचकाचाच हात जास्त दिसतो. दोन्ही वेळा पाठवणारी व्यक्ती हिरमुसते.

मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या फॅनफिक प्रसिद्ध होण्याआधी वाचून देते, म्हणजे बीटा-वाचन करते. स्वतंत्र कथा वाचून देणं आणि फॅनफिक वाचून देणं यात एक मोठा फरक आहे. स्वतंत्र कथेतली माणसं वाचकाला नवी असतात. फॅनफिकमधल्या माणसांना तो आधीपासून ओळखतो, किंवा निदान तसं त्याला वाटतं. तुमचा त्यांच्यावर जीव आहे, लेखकाचाही आहे, पण दोघांचा जीव एकाच कारणासाठी जडलाय असं नाही. म्हणून कोणताही आक्षेप लिहिण्याआधी एक गोष्ट तपासायची: तो मूळ कथेतून आलाय, हातातल्या मसुद्यातून आलाय, की आपल्या मनात बसलेल्या पात्रातून? खालच्या बहुतेक पायऱ्या या एका प्रश्नापाशी येतात.

उदाहरणासाठी एक काल्पनिक मालिका धरू. देवयानी ही गुन्हे शाखेतली वरिष्ठ इन्स्पेक्टर, मोजकं बोलणारी, मनातलं चेहऱ्यावर न येऊ देणारी. माधव तिचा बडबड्या सहायक. तो तिला कायम "मॅडम, तुम्ही" म्हणतो. दुसऱ्या सीझनमध्ये देवयानीचा भाऊ मरतो आणि ती अंत्यसंस्कारातही रडत नाही. एवढं आपल्याला पुरे.

हाताशी काय असावं

- मसुद्याची प्रत, ज्यात तुम्हाला फक्त टिपणं आणि सूचना टाकता येतील. गूगल डॉक्स असेल तर लेखकाकडून 'कॉमेंटर' एवढाच अधिकार मागून घ्या, 'एडिटर'चा नको. चुकून बोट लागलं तरी मूळ मजकूर हलत नाही. वर्डमध्ये काम असेल तर 'ट्रॅक चेंजेस' आधी चालू करा, मग फाइलला हात लावा.
- लेखकाने ठरवलेले टॅग (कथेत कोण आणि काय आहे ते सांगणारी लेबलं), रेटिंग (कथा कुठल्या वयाच्या वाचकांसाठी आहे ते) आणि कथेची दोन ओळींची ओळख. नुसती कथा आली असेल तर हे मागून घ्या.
- मूळ कलाकृती पडताळता येईल अशी सोय. आठवणीवर विसंबू नका. चाहत्यांच्या आठवणीत मूळ कथेपेक्षा इतर फॅनफिकचीच भर जास्त असते.
- एक कोरा कागद. 'कुणाला काय केव्हा कळलं' हे लिहायला.
- टोपणनावाचं खातं. फॅनफिकच्या जगात बहुतेक जण टोपणनावाने वावरतात. सामायिक फाइल रोजच्या खात्यातून उघडली की तुमचं खरं नाव समोरच्याला दिसतं. वर्डच्या टिपणांनाही तुमच्या संगणकावरचं नाव चिकटतं. फाइल उघडण्याआधी हे पाहून घ्या, नंतर उपयोग नाही.

१. आधी विचारा, मग वाचा

लेखकाला तीन-चार प्रश्न विचारल्याशिवाय पहिलं पानही उघडू नका. मसुदा कितवा आहे? कथा पूर्ण आहे की चालू? प्रसिद्ध कधी करायची आहे? आणि मुख्य म्हणजे, नेमकं कशाबद्दल शंका आहे?

शेवटच्या प्रश्नाला बहुतेकदा "सगळ्याबद्दलच सांग" असं उत्तर येतं. त्यावर समाधान मानू नका. "कुठल्या प्रसंगावर तू सर्वांत जास्त वेळ अडकलीस?" असं विचारलं की खरं उत्तर बाहेर येतं. कुणाला मारामारीचा प्रसंग जमलाय का हे हवं असतं, कुणाला फक्त देवयानी देवयानीसारखी वाटतेय का एवढंच. कुणाला खरं तर काहीच नको असतं, कुणीतरी सोबत असल्याचा धीर हवा असतो. त्यातही गैर काही नाही. पण ते आधी कळलेलं बरं. मग तुम्ही चाळीस टिपणं काढत बसत नाही.

मुदतीचा प्रश्न अशासाठी की कथा उद्या द्यायची असेल तर आज रात्री "मधले दोन प्रसंग काढून टाक" म्हणणं हा छळ आहे. तेव्हा सांगायच्या त्या फक्त अशा गोष्टी, ज्या तासाभरात दुरुस्त होतील.

कथेचा प्रकारही विचारून घ्या. ड्रॅबल म्हणजे बरोबर १०० शब्दांची कथा. तिच्यावर "इथे थोडं वातावरण येऊ दे" ही सूचना निकामी आहे. बारा शब्द घालायचे तर कुठले बारा काढायचे तेही तुम्हीच सुचवायला हवं. तसंच नुसत्या गोडव्यासाठी लिहिलेल्या, फ्लफ म्हणतात तशा कथेवर "यात संघर्षच नाही" हा आक्षेप घेऊ नका. संघर्ष नसावा म्हणूनच ती लिहिलेली असते.

२. टॅग आणि रेटिंग हा कथेचाच भाग आहे

नवे बीटा-वाचक हे वगळून थेट कथेवर जातात. पण टॅग म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेला शब्द. कथा तो पाळते का, हे तपासणं तुमच्या कामात येतं.

आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे एओथ्री, हे फॅनफिकचं संकेतस्थळ २००९ पासून सर्वांसाठी खुलं आहे आणि त्याची पद्धत आता इतर ठिकाणीही बऱ्यापैकी रुळली आहे. तिथे दोन नावांमध्ये तिरकी रेघ असली तर नातं प्रेमाचं किंवा शारीरिक, आणि '&' असलं तर मैत्रीचं किंवा घरगुती. 'देवयानी/माधव' असा टॅग लावलाय आणि सगळ्या कथेत दोघं फक्त गुन्ह्याचा तपास करताहेत, तर वाचक चिडणार. ही गोष्ट लेखकाच्या सहसा लक्षात येत नाही, कारण त्याच्या मनात पुढची तीन प्रकरणं तयार असतात.

इशाऱ्यांच्या बाबतीत एक हमखास गोंधळ होतो. 'कोणताही इशारा लागू नाही' आणि 'लेखकाने इशारे न देण्याचं ठरवलं आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा अर्थ तीव्र हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांशी लैंगिक संबंध यांपैकी कथेत काही नाही. दुसरीचा अर्थ यांपैकी काहीही असू शकतं. मसुद्यात माधव मरतोय आणि टॅगमध्ये पहिला पर्याय निवडलाय असं दिसलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून हे आधी कळवा.

आणि एक पथ्य. कथा प्रौढांसाठीची असेल आणि तुम्ही किंवा लेखक १८ वर्षांखालील असाल, तर ते वाचन घेऊ नका. नकार द्यायला एक ओळ पुरते.

३. पहिलं वाचन हात न लावता

पहिल्यांदा वाचताना एकही दुरुस्ती करायची नाही. कथा वाचक म्हणून वाचा. फक्त समासात खुणा करा: कुठे हसू आलं, कुठे कंटाळा आला, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, कुठे फोनकडे हात गेला. कारणं नंतर शोधता येतात. पहिल्या वाचनाची प्रतिक्रिया मात्र एकदाच मिळते. दुसऱ्या वाचनाला तुम्हाला पुढे काय होणार ते ठाऊक असतं आणि गोंधळलेल्या जागाही सरळ वाटू लागतात.

लेखकाला सर्वांत जास्त उपयोग याच खुणांचा होतो, असं माझं मत आहे. त्याला व्याकरणाची पुस्तकं मिळतील, लेखनावरचे सल्ले मिळतील. आपलीच कथा पहिल्यांदा वाचण्याची संधी मात्र त्याला कधीच मिळणार नाही.

४. "ती अशी नाहीच!" म्हणण्याआधी

आता मसुद्यातला हा तुकडा पाहा.

"देवयानीने फाइल मिटली. 'बस, माधव.' तिचा आवाज कापरा झाला आणि ती टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागली. माधवला तिच्या मनातली पोकळी जाणवली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. 'मी तुझ्यासाठी इथे आहे,' तो म्हणाला."

मालिकेच्या चाहत्याची पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे: देवयानी रडणार? माधवसमोर? शक्यच नाही. चाहत्यांच्या भाषेत ओओसी, म्हणजे पात्र आपला स्वभाव सोडून वागतंय. हा आरोप फॅनफिक लिहिणाऱ्याला सर्वांत जिव्हारी लागतो, त्यामुळे तो करायचाच तर पुराव्यानिशी करा.

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात मूळ कथेत दिसलेलं: भावाच्या अंत्यसंस्कारात ती रडली नाही. हे पडताळून लिहायचं, कुठल्या भागात ते नोंदवून. दुसऱ्यात मसुद्याने बदललेलं: कथा मालिकेनंतर पाच वर्षांनी घडते, देवयानीने नोकरी सोडली आहे, ती एकटी राहते. तिसऱ्यात तुमच्या मनातलं: देवयानी खंबीर आहे, तिला कुणाची गरज नाही, आणि खरं सांगायचं तर ती तशी आहे म्हणूनच तुम्हाला आवडते.

तिसऱ्या रकान्यातलं काहीही अभिप्रायात येता कामा नये. ते तुमचं हेडकॅनन, म्हणजे तुम्ही मनाशी खरं धरलेलं. त्यावर तुम्ही स्वतःची कथा लिहू शकता. फॅननही याच रकान्यात जातं. म्हणजे मूळ कथेत कुठेही नसलेली, पण शेकडो चाहत्यांनी वापरून वापरून खरी वाटू लागलेली गोष्ट. 'देवयानीला अंधाराची भीती वाटते' हे तुम्ही इतक्या फॅनफिकमध्ये वाचलेलं असतं की मालिकेत ते कधीच आलेलं नाही, याचा पत्ताच नसतो.

आता पहिला आणि दुसरा रकाना शेजारी ठेवा. अंत्यसंस्कारात न रडलेली बाई पाच वर्षांनी रडू शकते का? शकते. प्रश्न उरतो तो वाटेचा. कोरड्या डोळ्यांपासून हुंदक्यांपर्यंत ती कशी आली, हे मसुद्यात दिसतं का? नसेल दिसत तर तो खरा अभिप्राय झाला. "ती असं करणार नाही" म्हटलं की दार बंद होतं. "ती इथवर कशी आली ते मला दिसलं नाही" म्हटलं की लेखकाला पुढे काम करायला जागा मिळते, आणि कसं दाखवायचं हेही त्याच्याच हाती राहतं.

नव्याने घातलेल्या पात्रांबद्दलही हीच काळजी घ्या. कथेत एखादी हुशार, सुंदर, सगळ्यांना आवडणारी नवी अधिकारी आली की वाचक लगेच 'मेरी स्यू' म्हणून मोकळे होतात. हे नाव पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये लिहिलेल्या एका विडंबनातून आलं. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या कथांची ती थट्टा होती, आणि तिची नायिका होती साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट. विडंबन म्हणून ठीकच. पण शिक्का म्हणून या शब्दाने नवख्या लेखकांना, त्यातही मुलींना, भरपूर घाबरवलं आहे. त्यातून दुरुस्त काय करायचं हे काही कळत नाही. त्याऐवजी मसुद्याला प्रश्न विचारा: ही नवी अधिकारी आल्यापासून देवयानीला स्वतःचं काही काम उरलं आहे का? तिचा एखादा अंदाज कधी चुकतो का? माधव तिच्याशी बोलताना माधव राहतो की नुसता टाळ्या वाजवतो? याची उत्तरं लेखकाला वापरता येतात.

५. फाटा कुठे फुटतो ते शोधा

कथा मूळ घटनांपासून वेगळी वाट धरत असेल (भाऊ मेलाच नाही तर?), तर तो फाटा नेमका कुठल्या क्षणी फुटतो ते शोधून कागदावर लिहा. त्याआधीचं सगळं मूळ कथेशी जुळायला हवं. त्यानंतरचं जुळण्याची गरज नाही, पण फाट्याचे परिणाम सगळीकडे पोचायला हवेत. भाऊ जिवंत आहे, तर देवयानीने तिसऱ्या सीझनमध्ये ज्या रागातून बदली मागितली तो राग आला कुठून? लेखक बहुधा मोठा परिणाम बरोबर पकडतो आणि असे लहान धागे विसरतो.

'कुणाला काय केव्हा कळलं' हा कागद इथे कामाला येतो. पात्राला अजून न कळलेली गोष्ट त्याच्या बोलण्यात येणं ही फॅनफिकमधली फार नेहमीची चूक, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही सगळी मालिका पाठ असते. दोघांच्याही नजरेतून ती सुटते.

पूर्ण वेगळ्या जगात नेलेल्या, एयू म्हणतात त्या कथेत पडताळा कमी लागतो. देवयानी तिथे शाळेत संगीत शिकवत असेल तर पोलीस खात्याचे नियम बाजूला ठेवा. पाहायचं एवढंच: गणवेश उतरवल्यावरही ती ओळखू येते का? कशामुळे? ते सापडलं तर लेखकाला नक्की कळवा, कारण बऱ्याचदा त्याने ते नकळत साधलेलं असतं.

६. मराठीत लिहिलेली फॅनफिक असेल तर

मूळ कलाकृती बऱ्याचदा दुसऱ्या भाषेतली असते आणि लेखकाच्या कानात पात्रं त्याच भाषेत बोलत असतात. मसुद्यात ती मराठी शब्दांत बोलतात, पण वाक्य तिकडचंच राहतं. "मी तुझ्यासाठी इथे आहे" हे त्यातलंच. संकटात सापडलेल्या माणसाला मराठीत कुणी असं म्हणत नाही. "मी आहे ना" म्हणतात. किंवा काहीच न बोलता पाण्याचा ग्लास पुढे करतात. अशा जागी वाक्य बदलून देऊ नका. "हे मोठ्याने वाचून बघ" एवढं टिपण टाका. लेखकाला स्वतःलाच खटकतं.

तू-तुम्ही हा तर फॅनफिकमधला सोन्याचा ऐवज आहे आणि तो सर्रास वाया जातो. इंग्रजीतल्या पात्रांना हा प्रश्नच पडत नाही. मराठीत आणताना मात्र लेखकाला प्रत्येक जोडीसाठी निर्णय घ्यावा लागतो. माधव देवयानीला मालिकाभर 'तुम्ही' म्हणत आलाय. वरच्या तुकड्यात तो एकदम 'तुझ्यासाठी' म्हणतो. ही त्या कथेतली सर्वांत मोठी घटना असू शकते! पण पुढच्याच पानावर तो पुन्हा "मॅडम, तुम्ही जेवलात का?" म्हणत असेल, तर लेखकाच्या हे लक्षातच आलेलं नाही. विचारा: हे मुद्दाम केलंस का? मुद्दाम असेल तर देवयानीच्या कानाला ते जाणवायला नको का? सगळ्या मसुद्यातल्या तू-तुम्हीच्या जागा शोधून त्यांची यादी करून दिलीत, तर लेखक जन्मभर दुवा देईल.

दुसरा घोळ सर्वनामांचा. प्रसंगात दोन पुरुष असले की "त्याने त्याच्याकडे पाहिलं, त्याचा हात त्याच्या खांद्यावर होता" अशी वाक्यं येतात आणि हात कुणाचा, खांदा कुणाचा, काही कळत नाही. त्यावर लेखक उपाय काढतो तो "उंच तरुण", "निळ्या डोळ्यांचा अधिकारी" अशा विशेषणांचा. हा उपाय रोगापेक्षा वाईट. ज्याला तो दहा वर्षं ओळखतो त्या मित्राकडे पाहताना कुणाच्या मनात "निळ्या डोळ्यांचा अधिकारी" येत नाही, नाव येतं. मराठीत 'आपला' हाताशी आहे: "त्याने आपला हात माधवच्या खांद्यावर ठेवला." एक 'आपला' आणि एक नाव, की वाक्य सुटतं. नाव पुन्हा पुन्हा आलेलं वाचकाला खुपत नाही, हे लेखकाला सांगा. शाळेत पुनरुक्ती टाळायला शिकवल्याचा हा परिणाम असतो.

निवेदनातलं 'केले-गेले' आणि 'केलं-गेलं' यांची सरमिसळही तपासा. दोन्हींपैकी काहीही चालतं, पण एका परिच्छेदात दोन्ही नकोत.

७. टिपणं कशी लिहायची

प्रत्येक टिपणात तीन गोष्टी याव्यात: जागा, तुम्हाला वाचताना काय झालं, आणि ते कशामुळे झालं असं वाटतं. उपाय ऐच्छिक. वरच्या तुकड्यावर मी असं लिहीन:

"टेबलावर डोकं ठेवून रडते तिथे मी थबकले. दुसऱ्या सीझनमधले तिचे कोरडे डोळे आठवत होते, आणि आधीच्या दोन प्रसंगांत ती नेहमीसारखीच आवरलेली आहे, त्यामुळे हे अचानक वाटलं. ती हळूहळू ढिली पडताना दिसावी असं तुझ्या मनात आहे, की हे तिलाही अनपेक्षित आहे?"

"इथवर सगळं देवयानीच्या नजरेतून चाललंय. 'माधवला तिच्या मनातली पोकळी जाणवली' या वाक्याला एकदम त्याच्या डोक्यात गेलो. तिला बाहेरून त्याचं काय दिसलं असतं?"

"फाइल मिटते आणि 'बस, माधव', हे फार आवडलं. दोन शब्दांत ती दमल्याचं कळलं. पुढचं 'कापरा आवाज' त्यानंतर लागतोच असं मला वाटलं नाही."

तिसऱ्या टिपणात कौतुक आणि सूचना एकाच जागेबद्दल आहेत, आणि कौतुकाला कारण दिलंय. 'एक गोड, एक कडू, पुन्हा एक गोड' अशी टिपणांची चवड रचण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. समोरच्याला ती युक्ती दुसऱ्याच वेळी कळते आणि मग खऱ्या कौतुकावरही त्याचा विश्वास बसत नाही. जे जमलंय ते जिथे जमलंय तिथेच, कारणासकट लिहा. पन्नास चांगल्या जागा असतील तर पन्नास टिपणं टाका. एकच असेल तर एक. पण ती एक शोधाच. कारण काय जमलंय हे न कळल्यामुळे लेखक पुढच्या मसुद्यात नेमकं तेच काढून टाकतात.

टिपणं झाली की वेगळ्या पानावर अर्ध्या पानाचं पत्र लिहा. त्यात दोन, फार तर तीन मोठे मुद्दे. फाइलमध्ये साठ टिपणं असतील तर त्यांतली महत्त्वाची कोणती, हे लेखकाला ओळखता येत नाही. तो पहिल्या पानावरच्या स्वल्पविरामापासून सुरुवात करतो आणि तिसऱ्या पानावर दमतो.

८. शुद्धलेखन

सगळ्यात शेवटी, आणि मागितलं असेल तरच. जो प्रसंग कदाचित जाणारच आहे त्यातल्या वेलांट्या दुरुस्त करण्यात अर्थ नाही. एकच चूक सारखी होत असेल तर पहिल्या दोन ठिकाणी दाखवा आणि "पुढेही आहे" असं लिहून सोडा.

९. पाठवण्याआधी आणि नंतर

पाठवण्याआधी स्वतःची टिपणं एकदा वाचा आणि "मी असतो तर", "मी असते तर" ने सुरू होणारं प्रत्येक टिपण काढून टाका किंवा पुन्हा लिहा. मिश्किल शेरे काढून टाका. मसुदा वाचताना तुम्हाला जे गमतीत सुचतं, ते समोरच्याला रात्री अकरा वाजता एकट्याने वाचताना गमतीचं वाटत नाही.

काही खड्डे असे आहेत की त्यांत हमखास पाय जातो:

- मसुदा दुसऱ्या कुणाला दाखवणं, मग तो कितीही जवळचा असो. एआयच्या चॅट-साधनात पेस्ट करून "यावर अभिप्राय दे" म्हणणंही यातच आलं. लेखकाला विचारल्याशिवाय नाही.
- "यातून पैसे कमव की" असा प्रेमळ सल्ला. फॅनफिक दुसऱ्याच्या निर्मितीवर उभी असते. विक्रीचा विषय निघाला की हक्कांचे प्रश्न उभे राहतात. एओथ्रीसारख्या ठिकाणी तर कथेसोबत पैसे मागणं किंवा देणगीचे दुवे देणं नियमांतच बसत नाही.
- तुम्हाला न आवडणारी जोडी असलेली कथा 'मन मोठं करून' वाचायला घेणं. मन तेवढं मोठं होत नाही. प्रत्येक टिपणात नावड डोकावते. "या जोडीचं मला वाचवत नाही, दुसरं कुणी बघ" असं सांगणं जास्त सरळ.
- कथा प्रसिद्ध झाल्यावर न मागता दोषांची यादी पाठवणं. मसुद्यावर मागितलेला अभिप्राय वेगळा आणि हौसेने लिहून सर्वांसमोर ठेवलेल्या कथेवर न मागता केलेली दुरुस्ती वेगळी. लेखकाने स्वतः सूचना मागितल्या असतील तरच द्या. नाहीतर काय आवडलं ते लिहा, किंवा पुढे जा.

अभिप्राय पोचला की लेखकाकडून दोन-तीन दिवस काहीच येत नाही. हे नेहमीचं आहे. "वाचलंस का? राग आला का?" असे निरोप पाठवू नका. मग कधी आभार येतात, कधी लांबलचक खुलासा येतो: देवयानी का रडली, तिच्या मनात काय होतं, चौथ्या प्रकरणात काय होणार आहे. खुलासा पटला तर एकच सांगा: "हे जे तू आता मला लिहिलंस, ते कथेत कुठे आहे?" नाही पटला तर वाद घालू नका. तुमचं म्हणणं एकदा सांगून झालंय. साठातल्या वीस सूचना स्वीकारल्या गेल्या तरी वाचन कामी आलं समजा, आणि उरलेल्या चाळीस का नाकारल्या याचा जाब मागू नका. बीटा म्हणून तुमचं नाव कथेसोबतच्या लेखकाच्या टिपणीत यावं की नाही, हेही याच वेळी ठरवून टाका. काही वाचकांना ते नको असतं, आणि लेखक न विचारता कौतुकाने घालून टाकतात.

दुसरा मसुदा आला तर जुनी टिपणं उघडून 'हे ऐकलं, हे नाही ऐकलं' असा हिशेब मांडू नका. नवी प्रत आधी सलग वाचा. मग पाहा, एका जागच्या दुरुस्तीने दुसरीकडे काही मोडलंय का. समजा, लेखकाने आता आधीच्या दोन प्रसंगांत देवयानीचा तोल जाताना दाखवलाय, माधवच्या डोळ्यांदेखत. तर शेवटच्या प्रकरणात तो म्हणतो, "मॅडम, तुम्हाला असं कोसळताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं." ते वाक्य अजून खरं आहे का?